काळ्या अस्वलाचं बाळंतपण: जूनमधली जोडी, नोव्हेंबरमधला निर्णय

पानगळ (धागाकर्ती)

ट्रेकिंगच्या धाग्यावर अस्वलांचं अवांतर इतकं वाढलं की मूळ धागाकर्ते वैतागले, म्हणून हा वेगळा धागा काढतेय. तिथे बऱ्याच जणांनी विचारलं होतं की हिवाळाभर गुहेत झोपून राहणारं (शीतनिद्रेतलं) अस्वल त्या झोपेतच बाळंत होतं हे खरं का. अर्धं खरं आहे. पण त्याच्या आधी जे घडतं ते जास्त अजब आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

मी लिहितेय ते अमेरिकन काळ्या अस्वलाबद्दल. अलास्का-कॅनडापासून मेक्सिकोच्या उत्तर भागापर्यंत ते सापडतं. नाव काळं असलं तरी पश्चिमेकडे तपकिरी आणि दालचिनी रंगाचीही भरपूर असतात. मी अमेरिकेच्या उत्तरेकडच्या मिनेसोटा राज्यात राहते, त्यामुळे माझी उदाहरणं बहुतेक इकडची.

जोड्या जमतात मेअखेर ते जुलैत. या दिवसांत नर मैलोन्‌मैल भटकतो, दुसऱ्या नरांशी भांडतो, अंगावर ओरखडे घेऊन फिरतो. मादी एकाच नराशी एकनिष्ठ असते असंही नाही. एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगवेगळे असल्याचं जनुकीय तपासणीत दिसलं आहे. यापुढे नराचा विषय संपला. पिल्लं वाढवण्यात त्याचा काडीचाही वाटा नसतो.

आता खरी गंमत. बीज फळतं, काही दिवस पेशींची विभागणी होते, आणि मग सगळं थांबतं. डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा तो पेशींचा गोळा गर्भाशयात नुसता तरंगत राहतो. ऑगस्ट जातो, सप्टेंबर जातो, ऑक्टोबर जातो. नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबर लागता लागता तो गर्भाशयाच्या भिंतीत रुजतो. तिथून पुढे खरी वाढ सहा ते आठ आठवड्यांची, की जानेवारीत पिल्लं बाहेर. म्हणजे कागदावर मादी सात महिने गाभण, प्रत्यक्षात धड दोन महिनेही नाही.

मधल्या काळात ती काय करते? खाते. ब्लूबेरी, हेझलनट, बीचनट आणि मुख्य म्हणजे ओकची फळं, एकॉर्न. ऐन शरदात दिवसाला १५ ते २० हजार कॅलरी पोटात जातात. आणि सगळं ठरतं ते या खाण्यावर. अंगावर पुरेशी चरबी चढली नाही तर तो गर्भ रुजतच नाही, शरीर त्याला शोषून टाकतं. मीलन झालं, बीजही फळलं, तरी हिवाळ्यात पिल्लू नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की पिल्लं होणार की नाही हे जूनमध्ये ठरत नाही, नोव्हेंबरमध्ये ठरतं, आणि ते ठरवतं जंगल. ज्या वर्षी ओक-हेझलला फळ धरत नाही, त्याच्या पुढच्या वसंतात पिल्लं कमी दिसतात. मग रिकाम्या राहिलेल्या सगळ्या माद्या पुढच्या उन्हाळ्यात एकदम माजावर येतात आणि त्याच्या पुढच्या हिवाळ्यात एकदम वितात. एका वाईट हंगामाची लाट अशी काही वर्षं चालत राहते. 'यंदा अस्वलं फार झालीत हो' असं गावात कुणी म्हटलं की मी आधी दोन वर्षांपूर्वी एकॉर्न कसे होते ते विचारते.

पिल्लं जन्मतात ती अडीचशे ते साडेचारशे ग्रॅमची. मिटलेले डोळे, अंगावर बारीक लव. ऐंशी किलोची आई आणि तीनशे ग्रॅमचं पिल्लू, म्हणजे अडीचशेपट फरक. आपल्यात साठ किलोची आई नि तीन किलोचं बाळ धरलं तर फरक फक्त वीसपट. इतकं लहान पिल्लू का, याचं एक पटणारं स्पष्टीकरण असं आहे की आई उपाशी असते. पोटातल्या गर्भाला नाळेतून लागते ती साखर, आणि आईकडे असते ती चरबी. साखर बनवायची तर स्वतःचे स्नायू झिजवावे लागतील. त्यापेक्षा पिल्लू लवकर बाहेर काढून दुधातून चरबी पाजणं परवडतं. दुधात फॅट साधारण २० ते २५ टक्के. म्हशीच्या दुधात सात-आठ.

एका वेतात बहुधा दोन किंवा तीन. पहिलटकरणीला एखादंच. चार-पाचही होतात, पण क्वचित. बाकीचं प्रतिसादांत बोलू.

टवाळ

म्हणजे बाई जूनमध्ये लग्न करणार, नोव्हेंबरपर्यंत चरणार, मग ठरवणार मूल हवं की नको. आमच्या सोसायटीतल्या कुणालाही हे सांगू नका.

बाकी एक बेसिक शंका. एवढे महिने झोपायचं म्हणजे... शी-शू?

पानगळ

टवाळ, तुम्ही विचारणार हे माहीत होतं.

काही नाही. खाणं नाही, पिणं नाही, शी-शू नाही. उत्तरेकडे हे सहा-सात महिनेही चालतं. आतड्याच्या शेवटी गळून पडलेल्या पेशी, केस, गवत वगैरेंचा घट्ट बोळा तयार होतो, तो वसंतात बाहेर पडल्यावर टाकतात. लघवीतून जाणारा युरिया शरीरातच मोडला जातो आणि त्यातला नायट्रोजन पुन्हा प्रथिनं बनवायला वापरला जातो. त्यामुळे इतके महिने आडवं पडून स्नायू फारसे झडत नाहीत, हाडंही ठिसूळ होत नाहीत. डॉक्टर लोकांना या प्राण्यात रस आहे तो यासाठी.

अलास्कात फेअरबँक्सला काळ्या अस्वलांवर एक सुंदर प्रयोग झाला, २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. शरीराचं तापमान फक्त ३० ते ३६ अंशांच्या मध्ये खालीवर होत होतं, पण चयापचय मात्र पंचवीस टक्क्यांवर उतरला होता. हृदयाचे ठोके मिनिटाला ५५ वरून १४ वर. बिळात राहणारी खार किंवा तिच्याच कुळातला मार्मोट जसा गोठणबिंदूजवळ थंड पडतो तसं हे नाही. म्हणूनच अस्वल गुहेत असलं तरी चाहूल लागली की जागं होऊ शकतं.

आणि 'झोपेत बाळंतपण' याचं उत्तरही यातच आहे. विताना आई जागी होते. पिल्लांना चाटते, पोटाशी घेते, त्यांची शी-शू चाटून गुहा स्वच्छ ठेवते, मग परत पेंगते. पिल्लं मात्र या पहिल्या हिवाळ्यात शीतनिद्रेत नसतातच. पितात, झोपतात, वाढतात.

डॉ_सूतिका

छान धागा. माणसात फलित बीज सहा ते दहा दिवसांत रुजतं, त्यामुळे पाच महिने तरंगत राहणारा गर्भ म्हटलं की आमच्या भुवया वर जातात. अर्थात अस्वलं यात एकटी नाहीत. सील, बिजू, मिंक यांच्यातही हे आहे.

एक भर. अस्वलाच्या मादीत खोटी गर्भावस्थाही दिसते. प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवणारं संप्रेरक) शरदाच्या शेवटी वाढतं, गर्भ असो वा नसो. त्यामुळे नुसतं रक्त तपासून ही गाभण आहे की नाही हे सांगणं अवघड. मग पिल्लं झाली की नाही हे कळतं कसं? गुहेत जाऊन बघतात?

पेनवासी

डॉक्टर, हो, गुहेत जाऊनच! आमच्याकडे पेन्सिल्वेनियात हिवाळा संपता संपता वनखात्याची माणसं रेडिओ कॉलर (माग काढायचा गळ्यातला पट्टा) लावलेल्या माद्यांच्या गुहा तपासतात. एकदा मुलाच्या शाळेमुळे आम्हाला बरोबर जायला मिळालं.

गुहा म्हणजे मला वाटलं होतं मोठं भगदाड. प्रत्यक्षात उन्मळून पडलेल्या झाडाच्या मुळांखालची कपार. एक जण टॉर्च घेऊन पोटावर सरपटत डोकं आत घालून गेला, लांब काठीच्या टोकाला इंजेक्शन. थोडा वेळ थांबले, मग मादीला ताडपत्रीवर ओढून बाहेर. डोळ्यांवर फडकं टाकलं. वजन, कॉलर बदलणं, दात तपासणं. तोवर पिल्लं आमच्यासारख्या बघ्यांच्या जॅकेटमध्ये, कारण ती बाहेर गार पडतात. माझ्या वाट्याला आलेल्या पिल्लाचे डोळे निळे होते (मोठेपणी तपकिरी होतात म्हणे) आणि नखं स्वेटरमध्ये अशी रुतली होती की सोडवताना लोकर उसवली. काखेत तोंड खुपसून ते एकसारखं घूं घूं करत होतं, शेजारच्या खोलीत शिलाई मशीन चालावं तसं. पिताना आणि ऊब मिळाली की हा आवाज काढतात असं तिथल्या बाईंनी सांगितलं.

शेवटी सगळ्यांना पुन्हा आत, आई आधी, मग पिल्लं तिच्या पोटाशी.

नाचणीची_भाकर

पेनवासी, केवढा हेवा वाटतोय म्हणून सांगू. फोटो टाका ना.

दातांचं काय तपासतात? वय?

पेनवासी

हो, वय. सुळ्यामागचा एक छोटासा दात, ज्याचा अस्वलाला काही उपयोग नसतो, तो काढून घेतात. त्याच्या मुळाचा पातळ काप करून रंगवला की झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात, वर्षाला एक.

(फोटो आहेत, पण सगळ्यांत शाळेतली दुसऱ्यांची मुलं आहेत, म्हणून इथे नको.)

पानगळ

पेनवासी, त्यात आणखी एक गोष्ट दडलेली असते. ज्या वर्षी मादी पिल्लं पाजते, त्या वर्षीचं वर्तुळ अरुंद पडतं. त्यामुळे मेलेल्या मादीच्या दातावरून ती साधारण कोणत्या वर्षी व्याली होती हे वाचता येतं.

आणि गुहेतून अनाथ पिल्लं दत्तकही देतात! कुठे आई मोटारीखाली आली, पिल्लं सापडली, तर कॉलरवाल्या दुसऱ्या बाळंतिणीच्या गुहेत नेऊन ठेवतात. वास ओळखू येऊ नये म्हणून पिल्लांच्या अंगाला किंवा आईच्या नाकापाशी विक्स चोळतात. दोनाची तीन झाली तरी ती पाजते.

टवाळ

अमृतांजन चालेल का? घरात तेच आहे.

वऱ्हाडी_ठेचा

वाचून मजा आली. आमच्याकडे मेळघाटात, बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत अस्वल म्हटलं की काळंच, पण ते हे नव्हे, हे इकडल्यांनी ध्यानात घ्या. आपलं अस्वल वाळवी-मुंग्या खाणारं, लांब थुंतरीचं, छातीवर पांढरा इंग्रजी यू. ते शीतनिद्रेत जात नाही, वर्षभर खायला मिळतं त्याला. पिल्लं हिवाळ्यातच होतात, एक किंवा दोन, आणि आई त्यांना पाठीवर बसवून फिरवते. ते दृश्य म्या पाह्यलं आहे. लांबून मादीच्या पाठीवर कुबड दिसतं, मग कुबडाला कान फुटतात.

पण एक सांगतो. पिल्लंवाली मादी आडवी आली तर सोडत नाही. मोहाच्या दिवसांत पहाटे फुलं वेचायला गेलेली माणसं दरवर्षी जखमी होतात. तुमच्याकडं बी तसंच का?

पानगळ

वऱ्हाडी दादा, चांगला मुद्दा काढलात, कारण इथे नेमका उलटा प्रकार आहे.

काळ्या अस्वलाची आई संकट दिसलं की पिल्लांना झाडावर पिटाळते. नखं आखूड, बाकदार, चढायलाच बनलेली. मिनेसोटात असं दिसलं की एप्रिलमध्ये गुहेतून बाहेर आल्यावर माद्या जाड बुंध्याच्या पांढऱ्या पाइनजवळ तळ ठोकतात, कारण त्याची साल खरबरीत असते आणि दोन-अडीच किलोच्या पिल्लालाही सरसर चढता येतं. आई खाली चरते, पिल्लं वर फांदीत झोपतात. त्यामुळे तोडणीच्या जंगलात असे काही जुने पाइन उभे ठेवा असं सांगितलं जातं.

पिल्लंवाली आई फुत्कारते, पाय आपटते, दात वाजवते, चार पावलं अंगावर धावून येते आणि थांबते. खरा हल्ला अगदी क्वचित. १९०० ते २००९ या काळात उत्तर अमेरिकेत काळ्या अस्वलांनी ६३ माणसं मारली, त्या घटनांचा अभ्यास झालाय. बहुतेक घटनांत अस्वल भक्ष्य म्हणून माणसामागे लागलं होतं आणि त्यातली ९२ टक्के अस्वलं नर होती. 'पिल्लांची आई सगळ्यात धोकादायक' ही समजूत ग्रिझलीवरून (इकडच्या मोठ्या, वेगळ्या जातीच्या तपकिरी अस्वलावरून) आली आहे, आणि ग्रिझलीच्या बाबतीत ती रास्तही आहे. तुमच्या मेळघाटातल्या अस्वलाला झाडांचा आसरा कमी आणि वाघाशी गाठ, त्यामुळे उभं राहून लढणं हाच त्याचा स्वभाव, असं मानतात.

पिल्लांना खरी भीती भुकेची, मोटारींची आणि परक्या नराची. नर कधी कधी पिल्लं मारतो.

कोलंबसाची_वही

परका नर का मारतो? सिंहांसारखं? पिल्लं गेली की मादी लगेच माजावर येते म्हणून?

पानगळ

तोही एक तर्क आहे, कारण पाजत असलेली मादी माजावर येत नाही, आणि उन्हाळ्याआधी पिल्लं गेली तर त्याच मोसमात येऊ शकते. पण बरेचदा नर सरळ खाऊनच टाकतो.

सगळं सुरळीत झालं तर वेळापत्रक असं: जानेवारीत जन्म, सहा आठवड्यांच्या आत डोळे उघडतात, एप्रिलमध्ये बाहेर. पहिला उन्हाळाभर आईच्या मागे फिरून काय खायचं ते शिकतात. वसंतात कोवळं गवत आणि पानं, मग मुंग्यांचे कोष, मग बेरी, मग सुकामेवा. दुसरा हिवाळा आईसोबत एकाच गुहेत. आणि पुढच्या जूनमध्ये, साधारण दीड वर्षाची झाल्यावर, आई त्यांना हाकलते. कालपर्यंत चाटणारी आई आज अंगावर धावून जाते, कारण ती पुन्हा माजावर आलेली असते. म्हणून वेत एक वर्षाआड.

मुली बहुधा आईच्या इलाक्याच्या आसपासच राहतात, आईच त्यांना थोडी जागा सोडते. मुलगे मात्र लांब निघून जातात. मोठ्या रस्त्यांवर आणि उपनगरांतल्या कचऱ्याच्या डब्यांपाशी दिसणारी वेंधळी अस्वलं बरेचदा हीच, घराबाहेर काढलेली दीड-दोन वर्षांची पोरं.

नाचणीची_भाकर

हाकलण्याचं वाचून वाईट वाटलं.

मादीचं पहिलं बाळंतपण कितव्या वर्षी?

पेनवासी

आमच्याकडे ओक भरपूर, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या वर्षीच, आणि तीन-तीन पिल्लं सर्रास. मिनेसोटावाल्यांकडे थांबावं लागतं.

पानगळ

+१. उत्तर मिनेसोटात सहा-सात वर्षंही लागतात. परत तेच, जंगलात खायला काय आहे त्यावर.

पण एकदा सुरुवात झाली की किती काळ चालतं त्याचं उदाहरण म्हणजे ५६ नंबर. हे लिहायचंच होतं मला. १९८१ मध्ये मिनेसोटाच्या संशोधकांनी या मादीला पहिल्यांदा कॉलर लावली तेव्हा ती सात वर्षांची होती, सोबत तीन पिल्लं, तिन्ही माद्या. तिथून तिला बत्तीस वर्षं सोडली नाही. १९९५ पर्यंत तिला आठ वेतांत २२ पिल्लं झाली, आणि त्यातली २१ तिने दीड वर्षाची करून दाखवली. ज्या जंगलात पहिल्या वर्षातच बरीच पिल्लं जातात तिथे हा विक्रमच म्हणायचा. १९९७ मध्ये तेविसाव्या वर्षी पहिल्यांदा तिची तीनातली दोन गेली. १९९९ मध्ये पंचविसाव्या वर्षी शेवटचं एक झालं, तेही तिने वाढवलं. २००१ मध्ये दूध आलं, पण पिल्लू नव्हतं. त्यानंतर बारा वर्षं ती नुसती जगली. शेवटी शेवटी दिसायला-ऐकायला कमी येत होतं. शिकारीच्या मोसमात कॉलरवाली अस्वलं मारू नका अशी विनंती केली जायची, ती तिच्या बाबतीत पाळली गेली. २०१३ मध्ये ती साडेएकोणचाळीस वर्षांची होऊन मेली, म्हातारपणाने. नोंद झालेलं जंगलातलं सगळ्यात वयस्कर अस्वल. कॉलर लावलेल्या शेकडो अस्वलांतलं म्हातारपणाने मेलेलं ते पहिलंच. बाकीची बहुतेक बंदुकीने किंवा रस्त्यावर.

कोलंबसाची_वही

पण मग गाभण माद्या शिकारीत मरत नाहीत का? शरदातच तर शिकार असते.

पेनवासी

गाभण माद्या सगळ्यात आधी गुहेत शिरतात, नर सगळ्यात शेवटी. वसंतात उलटं, नर आधी बाहेर, तान्ही पिल्लं असलेल्या आया शेवटी. त्यामुळे मोसम जितका उशिरा ठेवाल तितक्या गाभण माद्या कमी सापडतात. हे गणित मांडूनच तारखा ठरवतात. शिकार असावी की नसावी यावर इथे वाद नको, धागा भांडणांनी पेटेल.

एडिसनकर

पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत) म्हणणार होतो, पण सगळं एकाच धाग्यात आलं.

माझा प्रश्न तातडीचा आहे. न्यू जर्सीत सगळ्याच्या सगळ्या २१ काउंटींत (जिल्ह्यांत) अस्वलं दिसतात हे ऐकून होतो. मेहुण्याचं घर ससेक्स काउंटीत आहे. त्याच्या मागच्या डेकखाली (घराला जोडलेल्या लाकडी ओट्याखाली) जानेवारीपासून काहीतरी हालतंय आणि बारीक आवाज येतोय. त्याची बायको म्हणते रॅकून (मांजराएवढा, रात्री फिरणारा इकडचा प्राणी). मी म्हणतो हा धागा वाच.

पेनवासी

आवाज कसा? किरकिर की घूं घूं?

एडिसनकर

आत्ता फोन करून विचारलं. घूं घूं. आणि मधूनच रडल्यासारखं.

पानगळ

मग बहुधा बाळंतीणच. डेकखाली, रिकाम्या घराखाली व्यायचे प्रकार तिकडे होतात. टॉर्च मारून वाकून बघू नका, कुत्र्याला तिकडे अजिबात सोडू नका. ती बिथरून निघून गेली तर पिल्लं थंडीत मरतील. राज्याच्या वन्यजीव खात्याला फोन करा, ते येऊन बघतील आणि बहुतेक वेळा 'आहे तशी राहू दे' असंच सांगतील. एप्रिलमध्ये ती आपणहून पिल्लांना घेऊन जाईल. तोवर मागच्या दाराने कचरा काढू नका, पक्ष्यांचं दाणापात्र उतरवून ठेवा, आणि खायला काहीही ठेवू नका. तिला भूक नाहीये, आणि न्यू जर्सीत अस्वलाला खाऊ घालणं बेकायदा आहे.

ती गेल्यावर आत कुणी उरलं नाही ना हे खात्याकडूनच बघून घ्या, मग ऑक्टोबरच्या आत डेकला चारही बाजूंनी मजबूत जाळी बसवा. पातळ कोंबडीजाळी नको, ती एका पंजात उचकटते.

एडिसनकर

धन्यवाद. मेहुण्याला लिंक पाठवली. त्याने डेकवरचा बार्बेक्यूचा ग्रिल आत घेतलाय आणि बायको आता मान्य करतेय की रॅकून एवढं घोरत नाही.